ड्रेसिंग करताना

टाके घालताना रुग्णाला पुरेशी भूल किंवा वेदनाशामक द्या, असं इंग्लंडमधल्या डॉक्टर-परिचारिकांना २००४ साली लेखी सांगावं लागलं. सांगणारी संस्था होती नाइस. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांच्या मार्गदर्शिका हीच संस्था तयार करते. एरवी अशी सूचना कुणी लिहून ठेवणार नाही. टाके म्हटले की आधी भूल, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असतं. पण ही मार्गदर्शिका स्वतःला इजा करून घेणाऱ्या माणसांबद्दल होती. ‘स्वतःच करून घेतलंस ना, मग सोस आता’ या भावनेने भुलीशिवाय टाके घातल्याच्या तक्रारी तिथले रुग्ण कितीतरी वर्षं करत होते. १९९४ साली लुईस पेंब्रोक यांनी संपादित केलेल्या पुस्तकात अशा अनुभवांतून गेलेली माणसं स्वतः लिहिती झाली. दहा वर्षांनी ती वेदना सरकारी मार्गदर्शिकेत उतरली.

या साऱ्या विषयात मला ड्रेसिंगची खोली सर्वांत महत्त्वाची वाटते. मनोविकारतज्ज्ञाची गाठ पडायला एक दिवस लागतो, कधी आठवडा, कधी ती पडतच नाही. परिचारिका मात्र पहिल्या पाच मिनिटांत समोर उभी असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःला केलेली इजा पाहणारं घराबाहेरचं पहिलं माणूस बहुधा तीच. तिचा चेहरा कसा झाला, ती काय बोलली, तिने हात कसा धरला, यावर ते मूल पुढच्या वेळी मदत मागायला येईल की जखम बाहीखाली झाकून घरीच बसेल, हे बरंचसं ठरतं. म्हणजे तिचं वागणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि औषध शिकवतात तसंच ते शिकवलं पाहिजे, त्यासाठी वेळ आणि माणसं दिली पाहिजेत.

परिचारिका निष्ठुर असतात म्हणून हे घडतं, असं म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. फेलिसिटी स्टॉकवेल या ब्रिटिश परिचारिकेने १९७२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारण वॉर्डांतल्या परिचारिकांना कोणते रुग्ण आवडतात आणि कोणते नाही, हे तिने शोधलं. कुरकुर करणारे नावडते ठरले. ‘दाखवतो तेवढं याला दुखत नाही’ असं ज्यांच्याबद्दल वाटायचं तेही, आणि यांची जागा इथे नाही, दुसऱ्या रुग्णालयात आहे असं वाटायचं तेही. १९७९ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉजर जेफ्री यांनी इंग्लंडमधल्या कॅज्युअल्टी विभागांबद्दल लिहिलं. तिथले कर्मचारी काही रुग्णांना चक्क ‘कचरा’ म्हणत, आणि त्या वर्गात दारू पिऊन आलेल्यांच्या शेजारी गोळ्यांचा अतिरेक करून आलेले होते. आजार तुझ्यावर आला तर तू रुग्ण, तू तो ओढवून घेतलास तर तू गुन्हेगार, असा एक न लिहिलेला नियम त्यामागे होता. २०१२ मध्ये केट साँडर्स, कीथ हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे असे अभ्यास एकत्र तपासले. सर्वसाधारण रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांमध्ये चीड आणि हतबलता सर्रास दिसली, आणि तोच रुग्ण पुन्हा पुन्हा आला की ती वाढत होती. त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: प्रशिक्षण मिळालं की वृत्ती बदलत होती.

आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत एखादी रात्र काढलेल्या कुणालाही तो न लिहिलेला नियम ओळखीचा वाटेल. अपघाताची केस, दम्याने धापणारे आजोबा, कळा सुरू झालेली बाई, आणि त्यांच्यामध्ये ओढणीने हात गुंडाळून बसलेली नववी-दहावीची मुलगी. तिची आई रडते आहे, बाप भिंतीकडे बघतो आहे. केस पेपर काढणारा विचारतो, ‘का केलंस?’ मग मामा विचारतात, मावशी विचारतात, ड्युटीवरचा पोलीस विचारतो, सगळे सगळ्यांसमोर. कुणीतरी म्हणतंच, ‘आईबापाचा तरी विचार करायचास.’ कुणी हळू आवाजात, पण तिला ऐकू जाईल असं म्हणतं, ‘नाटकं आहेत.’ यातल्या कुणाच्याही मनात वाईट नसतं. मात्र जिला आधीच स्वतःची किळस आली आहे तिला ती किळस बरोबर असल्याचं सात जणांनी सांगितलेलं असतं.

दाखल करायची वेळ आली की आणखी एक अडचण. अनेक रुग्णालयांत बालरुग्ण विभागाची मर्यादा बाराव्या वर्षाला संपते. मग तेरा-चौदाची मुलगी बायकांच्या मेडिसिन वॉर्डात जाते, सलाईन लावलेल्या आज्यांच्या रांगेत, जिथे प्रत्येक खाटेवरून तिच्याकडे पाहिलं जातं. नाइसच्या २००४ च्या मार्गदर्शिकेने अशा मुलांना रात्रभर मुलांच्याच वॉर्डात ठेवून दुसऱ्या दिवशी सविस्तर तपासावं असं सांगितलं होतं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मानसोपचार संस्थेत दाखल होणाऱ्या अल्पवयीनांना प्रौढांपासून वेगळं ठेवण्याची, आणि घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस सतत सोबत असण्याची तरतूद केली आहे. पण इजा झालेलं मूल बहुधा आधी अशा संस्थेत जातच नाही. ते जातं मेडिसिनला, सर्जरीला, अतिदक्षता विभागात, आणि तिथल्या अधिपरिचारिकेने मानसोपचाराचं जे काही शिक्षण घेतलेलं असतं ते विद्यार्थिदशेत, मनोरुग्णालयाच्या काही आठवड्यांच्या फेरीत.

मुलं असं का करतात, याची उत्तरं बऱ्यापैकी माहीत आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लोन्स्की यांनी २००७ मध्ये तोवरचं संशोधन एकत्र पाहिलं. सर्वांत भक्कम निघालेलं कारण असं, की आतला असह्य ताण क्षणभर उतरतो. स्वतःला शिक्षा करण्याची इच्छा हेही कारण पुष्कळांमध्ये दिसलं. काही मुलांना काहीच जाणवेनासं झालेलं असतं, आणि त्यांना काहीतरी जाणवून घ्यायचं असतं. दुसऱ्यांपर्यंत काही पोहोचवण्याचा हेतूही असतो कधी. पण जी मुलं भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालतात ती लक्ष वेधण्यासाठी हे करतात असं म्हणणं धडधडीत चूक आहे. आणि समजा एखाद्या मुलाला खरंच लक्ष हवं असेल, तर लक्ष मिळवण्यासाठी ज्याला स्वतःला दुखवावं लागतं त्याला ते देण्याची गरज किती मोठी असेल!

२०१४ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार, मरण्याचा हेतू नसताना आयुष्यात कधी ना कधी स्वतःला इजा केलेल्या किशोरवयीनांचं प्रमाण सतरा टक्क्यांच्या आसपास आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सुमारे १९०० मुलांचा शाळेपासून तिशीच्या उंबरठ्यापर्यंत पाठपुरावा झाला. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात किशोरवयात स्वतःला इजा करणाऱ्या बहुतेकांनी मोठेपणी ते थांबवलेलं दिसलं. घाबरलेल्या आईबापांना ही गोष्ट सांगायला हवी. त्याच वेळी हेही सांगायला हवं, की स्वतःला इजा केलेल्यांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांहून जास्त असतो, आणि प्रत्येक प्रसंग गंभीरपणेच घ्यायचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. राज्यांमध्ये सर्वाधिक मृत्यू महाराष्ट्रातले होते.

मग ड्रेसिंगच्या खोलीत नेमकं काय करायचं? आधी पडदा ओढायचा. स्वतःचं नाव सांगायचं, मुलाचं नाव विचारायचं आणि त्याच नावाने हाक मारायची. हात लावण्याआधी ‘बघू का?’ म्हणायचं. ज्या मुलाचं स्वतःच्या शरीराशी भांडण चालू आहे त्याच्या शरीराला परवानगी घेऊन हात लावणं, ही साधी गोष्ट नाही. जखम पाहून भुवया उंचवायच्या नाहीत, ‘एवढंसंच आहे’ असंही म्हणायचं नाही. जखम लहान ठरली तर पुढच्या वेळी ती मोठी करावीशी वाटण्याची भीती असते. जुने वण दिसले तर मोजायचे नाहीत. दुखतंय का ते विचारायचं, भूल द्यायची, ती चढेपर्यंत थांबायचं, आणि आपण काय करतो आहोत ते एकेक सांगत जायचं. हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही. लाजलेल्या मुलाला बोलायला असा वेळ सोयीचा असतो. ‘का केलंस?’ या प्रश्नात जाब विचारल्यासारखं वाटतं. ‘आज काय झालं होतं?’ असं विचारलं की मूल सकाळपासून सांगू लागतं: शाळा, मोबाइल, मैत्रिणीने बोलणं टाकलेलं, गुणपत्रिका, घरातली भांडणं, कधी त्याहून पुष्कळ काळोखी गोष्ट.

आणि एक प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायचाच: ‘मरून जावंसं वाटत होतं का? आत्ता वाटतंय का?’ हा प्रश्न विचारला तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात जाईल, अशी भीती शिकलेल्यांनाही वाटते. मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये २,३४२ विद्यार्थ्यांवर हीच भीती तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की विचारल्याने मुलांचा त्रास वा आत्महत्येचे विचार वाढले नाहीत. आधीच खचलेल्या मुलांना तर प्रश्न विचारला गेल्याने थोडं हलकंच वाटलं असावं असं दिसलं.

उत्तरांवर गुण देऊन ‘कमी धोका, मध्यम धोका, जास्त धोका’ असे शिक्के मारण्याची पद्धत अनेक देशांत रुळली होती. नाइसने २०२२ च्या नव्या मार्गदर्शिकेत ती वापरू नका असं स्वच्छ सांगितलं, कारण अशा गुणांवरून पुढचं भाकीत करता येत नाही. शिक्षेचा सूर असलेले उपायही तिने नाकारले. त्याऐवजी या मुलाला कशाची गरज आहे आणि ते सुरक्षित कसं राहील, हे त्याच्यासोबत बसून ठरवायचं. ‘पुन्हा करणार नाही’ असं कागदावर लिहून घेणं मोठ्यांना धीर देतं, मुलाच्या ते उपयोगी पडत नाही. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेल्या सुरक्षा आराखड्यात वेगळे प्रश्न असतात. लाट येते आहे हे तुला कशावरून कळतं? तेव्हा एकटाच असताना तू काय करू शकतोस? कुणाकडे जाऊन बसलास तर बरं वाटतं? कुणाला फोन करशील? घरातली कोणती वस्तू काही दिवस दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायची? उत्तरं मुलाच्या शब्दांत लिहायची, आणि तो कागद त्याच्याकडेच राहतो.

आईबापांना दहा मिनिटं बाहेर बसवून मुलाशी एकटं बोलणं आपल्याकडे अवघड जातं. ‘आमच्यापासून काय लपवायचं आहे?’ हा प्रश्न येतो. तरी ती दहा मिनिटं मिळवायलाच हवीत, कारण काही घरांत दुखणंच घरात असतं. मात्र सगळं गुपित ठेवीन असं वचन परिचारिकेने देऊ नये. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावंच लागतं. हे बोलण्याआधीच सांगितलेलं बरं: ‘तू सांगशील ते मी इकडेतिकडे बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला ते पुढे सांगावं लागेल, आणि तेही तुला सांगूनच.’ मुलांना नियम कळतात. त्यांना फसवणूक सहन होत नाही.

मग आईबापांकडे वळायचं. तेही त्या रात्रीचे रुग्णच असतात. ‘आमचं काय चुकलं?’ आणि ‘नातेवाइकांना काय सांगायचं?’ हे दोन प्रश्न त्यांना आळीपाळीने खात असतात. मोबाइल काढून घेणं, शाळा बंद करणं, कडी काढून टाकणं, देवाची शपथ घालणं, हे सगळं भीतीतून येतं. त्यांना त्या क्षणी उपदेश ऐकू जात नाही. चहा, खुर्ची, आणि उद्या काय होणार आहे याची साधी माहिती, एवढंच पोहोचतं.

पोलिसांच्या भीतीचं काय? पूर्वीच्या दंडसंहितेच्या ३०९ कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा तो निकाल. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात कलम वैध ठरवलं आणि ते टिकलं. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरून तिच्यावर खटला चालवायला मनाई केली, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. तरी एम.एल.सी.ची, म्हणजे मेडिको-लीगल केसची, नोंद आणि पोलिसांना कळवणं चालूच असतं, आणि पुष्कळ घरं केवळ त्या धाकाने मुलाला रुग्णालयात आणायला उशीर करतात किंवा खोटं कारण सांगतात. ‘ही फक्त नोंद आहे, तुमच्या मुलावर गुन्हा दाखल होत नाही’ हे वाक्य सिस्टरने पहिल्या तासात म्हटलं तर त्या घरावरचं मोठं ओझं उतरतं.

टाके सुकले की मूल घरी जातं, आणि आपल्या व्यवस्थेच्या नजरेतून नाहीसं होतं. नेमकं याच टप्प्यावर काय करता येतं, याचा एक फार चांगला दाखला चेन्नईत आहे. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी तिथे १९८६ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच शहरांत केलेल्या एका अभ्यासात चेन्नईचा सहभाग होता. बाकीची चार म्हणजे ब्राझीलमधलं कांपिनास, श्रीलंकेतलं कोलंबो, इराणमधलं कारज आणि चीनमधलं युनचेंग. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याशिवाय घरी जाताना तासाभराचं समजावून सांगणं, आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. हे करणारी माणसं म्हणजे अनुभवी डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ. पहिली चौकशी आठवड्याने, मग दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, मग अंतर वाढवत. २००८ साली निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू २.२ टक्के, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के.

हा अभ्यास सर्व वयांच्या लोकांवर होता, आणि पुढच्या अभ्यासांत परिणाम प्रत्येक ठिकाणी इतका ठळक दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये वर्षभरात आठ साधी पोस्टकार्डं पाठवून पाहिली. पुन्हा इजा करणाऱ्या माणसांची संख्या तितकी घटली नाही, पण अशा प्रसंगांची एकूण संख्या जवळजवळ निम्मी झाली. ‘कसा आहेस?’ एवढं विचारण्यात, आणि ते ठरल्या दिवशी विचारण्यात, काहीतरी बळ आहे हे मानावंच लागतं. आपल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली समुपदेशक असलेली ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमधून तिथवर एक चिठ्ठी जाण्याची आणि नऊ तारखा लिहून ठेवण्याची सोय करायला नवी इमारत लागत नाही.

माणूस मात्र लागतं. अनेक सरकारी वॉर्डांत रात्री तीस-चाळीस खाटांना एकच सिस्टर असते. तिने पडदा ओढून दहा मिनिटं बोलावं असं मी इथे लिहितो आहे, तेव्हा त्या दहा मिनिटांत कुणाचं सलाईन संपणार आहे हेही लिहायला हवं. इझाबेल मेन्झीज यांनी १९६० च्या सुमारास लंडनच्या एका रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास केला होता. काम तुकड्यातुकड्यांत वाटून टाकलेलं, रुग्णाला नावाऐवजी ‘दहा नंबरच्या खाटेवरचं लिव्हर’ म्हणायची सवय. त्यांच्या मते हे सगळं समोरच्या दुःखापासून स्वतःला वाचवण्यासाठी व्यवस्थेने उभं केलेलं कुंपण होतं. स्वतःला इजा केलेलं मूल ते कुंपण ओलांडून येतं. स्वतःच्या घरी त्याच वयाची लेक असलेल्या सिस्टरला त्या रात्री झोप लागत नाही. तिने कुणाकडे बोलायचं? आठवड्यातून एकदा परिसेविका आणि मानसोपचार विभागातलं कुणीतरी यांच्यासोबत अर्धा तास बसून अशा केसेसवर बोलण्याची सोय ड्युटीच्या वेळेतच हवी, घरी जायच्या वेळेतून कापलेली नको.

लेन बोवर्स या मनोविकार परिचारकाने, पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या प्राध्यापकाने, ‘सेफवॉर्ड्‌स’ नावाची पद्धत उभी केली. तिच्यात दहा साध्या गोष्टी आहेत. एक अशी: ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, प्रत्येक रुग्णाबद्दल काहीतरी चांगलं सांगायचंच. दुसरी: घरी जाणाऱ्या रुग्णाने नव्याने येणाऱ्यासाठी चार ओळी लिहून ठेवायच्या, आणि त्या वॉर्डात लावायच्या. इंग्लंडमधल्या ३१ मानसोपचार वॉर्डांत तिची चाचणी झाली, तेव्हा भांडणं, आक्रमकता, स्वतःला इजा यांसारखे प्रसंग सुमारे पंधरा टक्क्यांनी आणि बांधून ठेवणं, कोंडणं यांसारखे उपाय सुमारे सव्वीस टक्क्यांनी कमी झाले. ते वॉर्ड प्रौढांचे होते, पण ओव्हरच्या वेळची सवय कुठेही लागू पडेल. ‘सात नंबर, तीच ती, पुन्हा आली आहे’ याऐवजी ‘सात नंबरची पोरगी चित्रं छान काढते, आज सकाळी दूध प्यायली, आईशी दोन वाक्यं बोलली’ एवढं पुढच्या पाळीच्या सिस्टरच्या कानावर पडलं, की तिचं खाटेजवळ जाणं बदलतं.

पुढचा मानसोपचारही आता पुष्कळ प्रगत आहे. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी घडवणाऱ्या मार्शा लिनेहन सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात स्वतःला इजा करणारी मुलगी म्हणून दाखल होत्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे होत्या. हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या पद्धतीचं किशोरांसाठीचं रूप ऑस्लोमध्ये ७७ मुलांवर तपासलं गेलं आणि स्वतःला इजा करण्याचं प्रमाण घटलं. आपल्याकडे हे शिकलेली माणसं थोडी आहेत आणि ती शहरांत आहेत. ती सगळीकडे पोहोचेपर्यंत टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतही बोलते. हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या ओळीखाली लिहून द्यायला सिस्टरला कुणाची सही लागत नाही, आणि मुलाला तो आईच्या मोबाइलवरून एकदा तिथेच लावून दाखवता येतो.